आधी विचार, ‘थांबा’ कोण म्हणणार?

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. हैदराबादच्या रॉकेट कंपनीचं बोलावणं आलंय. बाबा म्हणतात इस्रोच्या परीक्षेला बस, सरकारी ते सरकारी. मामा म्हणतो, आधी नासाची यानं सगळी सरकारीच होती, आता माणसंसुद्धा खासगी कंपन्याच वर नेतात, सरकारला कोण विचारतं? आणि तू मला विचारतेस, “काका, सरकारी बरं की खासगी?” डिप्लोमाला पहिली आलेली पोरगी असा प्रश्न विचारते काऊन, हेच मला समजत नाही.

आपल्याकडं हा वाद कापसावर होऊन गेलाय. १९७२ साली एकाधिकार खरेदी आली, म्हणजे कापूस फक्त सरकारनंच घ्यायचा, तेव्हा व्यापाऱ्याच्या तावडीतून सुटलो म्हणून लोक खूश होते. पुढं चुकारे, म्हणजे मालाचे पैसे, अडकू लागले, तशी त्याच लोकांना व्यापाऱ्याची आठवण येऊ लागली. व्यापारी परत आला, त्याच्यासोबत कट्टी, म्हणजे मालातली कपातही, आली. सरकार असो की व्यापारी, आपल्या मालाचं नशीब ठरायचं प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरच्या हातात. तो खरी प्रत सांगतो का, आणि त्यानं सांगितलेलं वरचे ऐकतात का, एवढंच बघायचं होतं. आम्ही मात्र पाटीवरून भांडत बसलो.

नासाची यानं सगळी सरकारीच होती, हा मामाचा गैरसमज. चंद्रावर उतरलेलं यान ग्रुमन कंपनीनं बांधलं, माणसं नेणारं शटल यान रॉकवेलनं. आपल्या इस्रोचं विकास इंजिन गोदरेजकडं विक्रोळीत बनतं, पीएसएलव्ही रॉकेटच्या मोटरची आवरणं वालचंदनगरला. बदलली ती मालकी आणि कराराची रीत. आधी होईल तो खर्च आणि वर नफा देऊन नासा यान बांधून घ्यायची आणि स्वतः उडवायची. २०११ मध्ये शटल बंद झालं. मग नऊ वर्षं अमेरिकेचे अंतराळवीर रशियाच्या सोयूझमध्ये जागा विकत घेऊन जात होते. २०१४ मध्ये नासानं ठरीव रकमेचे करार केले, बोईंगशी ४.२ अब्ज डॉलरपर्यंत, स्पेसएक्सशी २.६ अब्ज. यान कंपनीचंच, नासा फक्त फेऱ्या विकत घेणार. ज्याला कमी मिळाले त्यानं ३० मे २०२० ला माणसं वर पाठवली. एवढ्यापुरता मामा बरोबर आहे.

आता माझं ऐक. कोणत्याही दारात पाय ठेवण्याआधी एकच विचारायचं : इथं ‘थांबा’ कोण म्हणू शकतो, आणि म्हटल्यावर खरंच थांबतात का?

चॅलेंजर शटल बघ. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री शटलला वर ढकलणारे बूस्टर बनवणाऱ्या थायोकॉल कंपनीच्या इंजिनियरांनी सांगितलं, एवढ्या थंडीत रबरी सील धरणार नाही, उडवू नका. ते खासगी कंपनीचे नोकर होते. नासाच्या अधिकाऱ्यांनी नाराजी दाखवली, तसे कंपनीचे साहेब फिरले आणि होकार गेला. दुसऱ्या दिवशी ७३ सेकंदांत सात माणसं गेली. सांग बरं, हा सरकारी दोष की खासगी?

कोलंबिया शटलचा अपघात तर तुला पाठ आहे, कल्पना चावलामुळं. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. इंजिनियरांनी कक्षेतल्या यानाचे फोटो मागितले, वरच्यांनी ते काढू दिले नाहीत. कारण काय, तर फोम आधीच्या उड्डाणांतही सुटला होता आणि काही झालं नव्हतं.

हे ‘काही झालं नव्हतं’ माझ्या अंगाला झोंबतं. मी ज्या वर्कशॉपात प्रेशरच्या टाक्या तपासायचो, तिथं एका टाकीच्या वेल्डमध्ये एक्स-रेला पोकळ्या दिसल्या. मी सही दिली नाही. डिस्पॅचची तारीख होती. महिनाअखेर मला स्टोअरला टाकलं, सही दुसऱ्यानं केली, टाकी गेली. आजतागायत ती फुटलेली नाही. गावात अजून थट्टा होते, “तुमची टाकी फुटली का, भाऊ?” तुझी काकू हसत नाही. माझी बढती गेली, त्याची झळ तिनंच सोसली, आणि ते मला आजही लागतं. पण टाकी फुटली नाही म्हणून पोकळ्या भरल्या गेल्या का? हेकट म्हणतात तर म्हणू देत. एक्स-रे मी पाहिलाय, त्यांनी नाही.

म्हणून मला बोईंगच्या स्टारलायनर यानाचं प्रकरण आवडतं. जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर आठवडाभरासाठी गेले. हेलियम गळत होता, थ्रस्टर, म्हणजे यान वळवणारी छोटी इंजिनं, बंद पडत होते. माणसं यातूनच सुखरूप येतील, असं बोईंग म्हणत होती. २४ ऑगस्टला नासा म्हणाली, नाही. यान सप्टेंबरात रिकामं परतलं आणि व्यवस्थित उतरलं! ते दोघे मात्र मार्च २०२५ मध्ये स्पेसएक्सच्या यानातून आले. मग नासा चुकली काय? अजिबात नाही. आपल्या शुभांशू शुक्लांचं उड्डाणही जून २०२५ मध्ये रॉकेटमधल्या द्रवरूप ऑक्सिजनच्या गळतीपायी लांबलं होतं. ते २५ जूनला गेले. उशीर झाला म्हणून कुरकुरणारे पुष्कळ होते, त्यांना उडायचं नव्हतं.

मला घोर लागतो तो वेगळाच. नासानं जागा घेतली तर नासा तपासते. एखादा पैसेवाला स्वतःच्या पैशानं जातो तेव्हा? अमेरिकेत २००४ पासूनचा कायदा असा की सरकारी नियामकानं खाली राहणाऱ्या लोकांची सुरक्षितता बघायची, यानातल्या प्रवाशांसाठी नियम करायला त्याचे हात बांधलेले. प्रवासी धोका समजल्याची सही देतो आणि बसतो. तिथं ‘थांबा’ म्हणणारा कंपनीच्या आतलाच कोणी असणार. आपल्याकडंही २०२० पासून खासगी कंपन्यांना दार उघडलंय. स्कायरूट कंपनीचं विक्रम-एस रॉकेट नोव्हेंबर २०२२ मध्ये उडालं, त्यात माणूस नव्हता. माणसं नेणारं गगनयान अजून इस्रोच्याच हाती आहे. पण तुझ्या नोकरीच्या काळात इथलीही कंपनी माणसं बसवायला निघेल. त्या दिवशी वेल्डसमोर कदाचित तू असशील.

म्हणून हैदराबादला जा. बाबांशी मी बोलतो, संत्र्याच्या बागेचं कर्ज आहे म्हणून ते घाबरतात, त्यात त्यांचं चुकत नाही. इस्रोचा फॉर्मही भर, तो कुठं पळून जात नाही. पण मुलाखतीत त्यांचे प्रश्न संपले की विचार : तपासणीवाला कोणाच्या हाताखाली, उत्पादनवाल्या साहेबाच्या की वेगळ्या? मागच्या वर्षी कोणी काम थांबवलं का? तो माणूस आज कुठल्या टेबलावर आहे? शेवटचा प्रश्न गाळू नकोस. लाज वाटली तर माझं नाव सांग, म्हातारा विचारायला लावतो म्हणावं.

पगाराचंही तू विचारलं होतंस. त्यातलं मला कळत नाही, मामाला विचार.

आणि मुलाखत झाली की त्यांनी काय उत्तर दिलं ते शब्दशः लिहून पाठव. ‘छान झाली’ एवढंच पाठवशील तर मी उत्तर देणार नाही.

तुझा,
काका