हायपो म्हणजे ‘हाय’ नव्हे!

प्रश्न : आईचा थायरॉईडचा रिपोर्ट आला, टीएसएच १२ आहे आणि डॉक्टरांनी फाईलवर हायपोथायरॉइडिझम लिहिलंय. आम्ही घरातले सगळे हाय म्हणजे थायरॉईड वाढलाय असंच समजलो. पण डॉक्टर म्हणतात कमी झालाय, मग आकडा जास्त कसा? मोबाईलवर बघितलं तर कुठे हायपर कुठे हायपो, डोकं फिरायची वेळ आलीय. – एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, हा घोळ खूप घरांत होतो, कारण आपल्या कानाला आधी ‘हाय’ ऐकू येतं आणि हाय बीपी, हाय शुगर ऐकून ऐकून आपण ते जास्तच धरून चालतो. पण त्या हायचा आणि या हायचा काही संबंध नाही. हे दोन ग्रीक उपसर्ग आहेत, हायपर म्हणजे वर, जास्त, प्रमाणाबाहेर आणि हायपो म्हणजे खाली, कमी. फरक फक्त शेवटच्या पर आणि पो चा, अर्थ मात्र एकदम उलटा. लक्षात ठेवायला आपल्याकडेच सोय आहे बघा, संस्कृतमधलं उपरि आणि ग्रीक हायपर एकाच मुळातून आलेत, आणि आपला उप आणि त्यांचा हायपो हे पण तसेच सख्खे. हायपर म्हणजे उपरि, हायपो म्हणजे उप, एवढं पाठ करा, परत चुकणार नाही.

आता टीएसएचचं. हे थायरॉईड ग्रंथीचं हार्मोन नाहीच मुळी, ते मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची छोटी ग्रंथी असते तिथून येतं आणि थायरॉईडला कामाला लावणं हे त्याचं काम. पोरगं उठत नसलं की आई कशी आवाज चढवत जाते, तसं थायरॉईड सुस्त पडली की पिट्युटरी टीएसएच वाढवत जाते. म्हणून कागदावर आकडा जास्त आणि आजाराचं नाव हायपो. बऱ्याच लॅबची रेंज साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असते, तुमच्या रिपोर्टवर आकड्याच्या बाजूलाच छापलेली असेल. हायपरमध्ये बहुतेक वेळा उलटं चित्र, टीएसएच पार खाली आणि टी३, टी४ म्हणजे थायरॉईडचे स्वतःचे हार्मोन वर. लक्षणंही उलटी, हायपोत थकवा, वजन वाढणं, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, तर हायपरमध्ये वजन उतरणं, छातीत धडधड, हात थरथरणं, घाम.

आणि एक कळकळीने सांगतो, नवीन डॉक्टरकडे गेलात की नुसतं ‘आईला थायरॉईड आहे’ असं सांगू नका. हायपोत हार्मोनची गोळी देतात आणि हायपरमध्ये हार्मोन कमी करणारी, म्हणजे औषधं एकदम विरुद्ध. जुनी फाईल आणि गोळीची स्ट्रिप सोबत ठेवाच.

प्रश्न : बाबा इन्सुलिन घेतात. मध्ये ॲडमिट होते तेव्हा सिस्टर म्हणाल्या रात्री पेशंट हायपोमध्ये गेले होते. मला वाटलं शुगर वाढली, मी दुसऱ्या दिवशी त्यांचं जेवणच निम्मं केलं. बरोबर केलं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही हो, त्यांची शुगर उतरली होती. हायपो हे हायपोग्लायसेमियाचं छोटं रूप, रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की तसं म्हणतात. वाढली तर हायपरग्लायसेमिया. इन्सुलिन चालू असताना जेवण कमी करणं उलट धोक्याचं, त्यांचं खाणं आणि डोस दोन्ही डॉक्टरांना विचारूनच ठरवा. तुमचा दोष नाही यात, माझं तर मत आहे की पेशंटच्या घरच्यांशी बोलताना हायपो-हायपर म्हणूच नये, साखर कमी झाली किंवा वाढली असं सरळ मराठीत सांगावं, आणि नाही सांगितलं तर आपण न लाजता विचारावं ‘कमी की जास्त?’

दरदरून घाम, थरथर, एकदम भूक, बोलण्यात गोंधळ असं काही दिसलं तर शुगर तपासा, कमी असेल आणि माणूस शुद्धीत असेल तर साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीनेक चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी परत तपासा, अजून कमीच असेल तर पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा.

प्रश्न : मी नववीत आहे. हायपोटेन्यूज ही तर काटकोन त्रिकोणाची सगळ्यात मोठी बाजू, मग तिच्यात हायपो कशाला? – एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : मस्त प्रश्न! इथे हायपो कमी या अर्थाने नाही, खाली या अर्थाने आहे. ग्रीकमध्ये त्या शब्दाचा अर्थ होतो खाली ताणलेली, म्हणजे काटकोनाच्या समोर, त्याच्याखाली ताणून धरलेली बाजू, आपण तिला कर्ण म्हणतो. असे अजून आहेत, हायपोडर्मिक म्हणजे कातडीखालचं, हायपोथॅलॅमस म्हणजे मेंदूतल्या थॅलॅमसच्या खालचा भाग. हायपोथेसिसमध्ये पण तेच, विचार उभा करायला आधी खाली ठेवलेलं, म्हणजे आपलं गृहीतक. तेव्हा शब्द आजाराचा किंवा मोजमापाचा असला तर आधी कमी लावून बघ, जागेचा असला तर खाली. आणि हिप्पोपोटॅमसला यात ओढू नकोस, तो हिप्पो म्हणजे ग्रीक घोडा, पोटॅमस म्हणजे नदी. इंग्रजी स्पेलिंगमध्ये हायपोत वाय आणि एकच पी, हिप्पोत आय आणि दोन पी, तिथेच ओळखायचं.

प्रश्न : कोरोनात सोसायटीत हायपो मारायचे, तो पण हाच का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : हो, ते सोडियम हायपोक्लोराइट. क्लोराइटमध्ये क्लोरिनच्या एका अणूला ऑक्सिजनचे दोन अणू असतात, हायपोक्लोराइटमध्ये एकच, म्हणून हायपो. जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांच्या डार्करूममधला हायपो मात्र वेगळा, तो सोडियम थायोसल्फेट, त्याचं जुनं नाव हायपोसल्फाइट होतं त्यावरून हायपो राहिलं. दोन्ही एकच समजून एकमेकांच्या जागी वापरू नका.