समुद्रावर कारखाने नाहीत, मग हिवाळ्यात तिथली हवा धुरकट का होते?

समुद्रावर कारखाने नसले तरी धूर आहेच. श्रीलंकेहून सुमात्राकडे जाणाऱ्या जहाजांच्या वाटेवर नायट्रोजन डायऑक्साइडची (इंधन जळताना निघणाऱ्या वायूची) रेघ उपग्रहाला चक्क वरून दिसते, आणि ऋतूनुसार वारा फिरला की ती रेघही सरकते. पण तुम्ही विचारलेला धुरकटपणा मुख्यतः जमिनीवरून येतो.

मी रत्नागिरीचा. गणपतीत पाऊस उघडला की क्षितिज कसं लख्ख दिसतं! जानेवारीत तेच शोधावं लागतं. लहानपणी आम्ही त्याला धुकं समजायचो.

हिवाळ्यात ईशान्येचे वारे देशभरातला धूर अरबी समुद्रावर आणि हिंदी महासागरावर लोटतात. वरून खाली बसणारी कोरडी हवा झाकणासारखी असते, त्यामुळे धूर फार उंच जात नाही, आणि धुऊन काढायला पाऊस नसतो. १९९९ च्या जानेवारी-मार्चमध्ये 'इंडोएक्स' (इंडियन ओशन एक्सपेरिमेंट) या संशोधन मोहिमेत विमानं, जहाजं (आपलं 'सागर कन्या'सुद्धा) आणि मालदीवमधलं काशिधू बेट इथून हे मोजलं गेलं. वीरभद्रन रामनाथन आणि पॉल क्रुटझन हे शास्त्रज्ञ तिचे प्रमुख. धुराचा थर सुमारे ३ किलोमीटर जाडीचा निघाला आणि पार विषुववृत्ताच्या दक्षिणेपर्यंत पोचलेला. दोन गोलार्धांचे वारे जिथे भिडतात, त्या पाऊसपट्ट्यापाशी मात्र तो संपतो. पलीकडे हवा स्वच्छ.

मला यात ओझोनचं प्रकरण सगळ्यात मजेशीर वाटतं. समुद्रावर ऊन भरपूर, वाफ भरपूर. ऊन ओझोन फोडतं, सुटलेला ऑक्सिजनचा अणू वाफेशी जुळून हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचा अतिशय क्रियाशील तुकडा) तयार होतं, आणि ते मिथेन, कार्बन मोनॉक्साइड खाऊन टाकतं. हवा स्वच्छ असेल तर या खटाटोपात ओझोन घटत जातो. पण वाऱ्याबरोबर धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडं आली की गणित उलटतं: त्याच उन्हात, त्याच वाफेत ओझोन उलट वाढतो. म्हणजे समुद्र तोच, फक्त वारा कुठून आला एवढाच फरक.

जूनमध्ये वारा फिरतो. नैर्ऋत्येची हवा हजारो किलोमीटर पाण्यावरूनच आलेली असते. सोबत धुराऐवजी मीठ आणते, आणि उरलंसुरलं पाऊस धुतो. मात्र ढगांनी ऊन अडवलं की खालच्या हवेतलं हायड्रॉक्सिल तयार होणंही मंदावतं.