टाकी भरली का, हे विचारायचं कुणाला?

प्रश्न : आमची कोथरूडला जुनी चार मजली बिल्डिंग आहे, लिफ्ट नाही. पाण्याची टाकी गच्चीवर, पंप खाली पार्किंगमध्ये. रोज सकाळी कुणीतरी वर जाऊन झाकण उघडून बघतं, नाहीतर टाकी वाहते आणि शेजारच्या बिल्डिंगवाले ओरडतात. मुलगा म्हणतो ब्लूटूथचा सेन्सर बसवू, जावई म्हणतात वायफाय, दुकानदार म्हणतो झिगबी घ्या. बरोबर कोण? – सोसायटीचे सेक्रेटरी, कोथरूड

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, दुकानदार निम्मा बरोबर आहे, पण जावयांना नाराज करू नका, त्यांचं वायफायही लागणार आहे.

आधी ब्लूटूथ. एका खोलीत, फार तर शेजारच्या खोलीत ते छान चालतं, पण चार स्लॅब म्हणजे नुसतं काँक्रीट आणि सळया, त्यातून गच्चीवरच्या बटणसेलवाल्या सेन्सरचा आवाज पार्किंगपर्यंत येईल हे विसरा. वायफायचा आवाज मोठा, पण भूकही मोठी, सेल लवकर संपतात, म्हणजे झाकण उघडायला वर जाणं वाचलं आणि सेल बदलायला जाणं आलं. झिगबी म्हणजे घरातल्या सेन्सर-स्विचसारख्या छोट्या वस्तूंसाठीचं बिनतारी बोलणं, ते सेकंदाला जास्तीत जास्त 250 किलोबिट नेतं, त्यावर व्हिडिओ वगैरे विसरा, पण आपल्याला निरोप पाठवायचाय केवढा, तर ‘अर्धी’ आणि ‘भरली’, बस. त्यामुळे ते सेलवर महिनोन् महिने चालतं. आणि मुख्य म्हणजे झिगबीच्या वस्तू एकमेकींचा निरोप पुढे देतात, वाड्यात बातमी या जिन्यावरून त्या जिन्यावर जायची ना, तसं.

इथे एक गोम आहे जी दुकानदार सांगत नाहीत. सेलवरची वस्तू फक्त स्वतःपुरतं बोलते, दुसऱ्याचा निरोप पुढे ढकलायचं काम सॉकेटला लावलेली वस्तूच करते. म्हणून चौथ्या आणि दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी दाराजवळ एकेक झिगबीचा स्मार्ट प्लग लावा, आणि हब, म्हणजे झिगबीचे निरोप घेऊन वायफायवर देणारी डबी, तुमच्या घरात. गच्ची ते घर झिगबी, घर ते मोबाईल वायफाय. मुलाचं ब्लूटूथही अगदीच वाया नाही, काही हबचं पहिलं सेटिंग मोबाईलवरून ब्लूटूथनेच होतं.

आता माझा मूर्खपणा सांगतो. मी हब राउटरच्या डोक्यावरच ठेवला होता, जागा वाचते म्हणून. संध्याकाळी घरात सगळे मोबाईल घेऊन बसले की सेन्सर गायब, रात्री अकरानंतर परत हजर. मी दोनदा सेल बदलले, एकदा सेन्सरच बदलून आणला! कारण एवढंच की झिगबी, ब्लूटूथ आणि राउटरचं जुनं वायफाय तिघंही 2.4 गिगाहर्ट्झच्याच गल्लीत राहतात. ब्लूटूथ सेकंदाला शेकडो वेळा चॅनल बदलून वाट काढतं, झिगबी मात्र एका चॅनलवर बसून असतं आणि शेजारी वायफाय ओरडायला लागलं की त्याचं कुणी ऐकत नाही. उपाय फुकट आहे. राउटरचं वायफाय चॅनल 1 वर ठेवा, झिगबी 25 वर, दोन्हीत भरपूर अंतर पडतं, आणि हब राउटरपासून दोनेक मीटर लांब. झिगबीचं चॅनल सेन्सर जोडण्याआधीच ठरवा, नंतर बदललंत तर बऱ्याचदा सगळं परत जोडत बसावं लागतं.

सेन्सरचा डबा झाकणाच्या बाहेर बसवा, आत नको. पाणी या लहरी शोषून घेतं. पावसाळ्यासाठी वर प्लास्टिकचा डबा उपडा घाला, पत्र्याचा नको, पत्रा सिग्नल अडवतो.

आणि पंप आपोआप बंद करायचं काम यातल्या कुणावरच सोपवू नका. त्याला वायरवाला फ्लोट स्विचच हवा, म्हणजे पाण्यावर तरंगणारा आणि टाकी भरली की पंप बंद करणारा, मोबाईलवर नुसतं बघायचं. गुरुवारी लाईट गेली की तुमचे दोन्ही प्लग झोपणार आणि गच्चीचा निरोप मधेच अडकणार, अर्थात पंपही तेव्हा बंदच असतो म्हणा.

प्रश्न : मेट्रोचं कार्ड मशीनला अगदी चिकटवावं लागतं, फास्टॅग मात्र गाडीच्या काचेवरूनच वाचला जातो. दोन्हीत सेल नाही, मग कार्डच एवढं आळशी का? – वनाज ते रामवाडी रोज जाणारी

उत्तर : आळशी नाही हो, मुद्दाम तसं केलंय. कार्ड 13.56 मेगाहर्ट्झवर चालतं, आत तारेचं वेटोळं असतं, मशीनच्या चुंबकीय क्षेत्रातून त्यालाच करंट मिळतो आणि ते क्षेत्र चार-पाच सेंटिमीटरनंतर लगेच ढेपाळतं. फास्टॅग 865 ते 867 मेगाहर्ट्झवर, तो टोलवरच्या अँटेनाची लहर घेतो आणि तीच थोडी बदलून परत फेकतो, म्हणून काही मीटरवरून जमतं. कार्ड तसं असतं तर रांगेत तुमच्या मागे उभ्या असलेल्याचे पैसे कापले गेले असते! पर्समध्ये दोन-तीन टॅपवाली कार्डं एकावर एक असतील तर मशीन गोंधळतं, तेवढं एक बाहेर काढून लावा.

प्रश्न : भाचीच्या लग्नाचा 2 जीबीचा व्हिडिओ ब्लूटूथने पाठवत होतो, जेवण होऊन वामकुक्षी झाली तरी चालूच. मोबाईल खराब आहे का? – एक मामा, हडपसर

उत्तर : मोबाईल ठणठणीत आहे. ब्लूटूथवर प्रत्यक्षात सेकंदाला 2 मेगाबिट मिळाले तरी डोक्यावरून पाणी, 2 जीबी म्हणजे 16,000 मेगाबिट, हिशोब करा, सव्वादोन तास. अँड्रॉइडवर क्विक शेअर वापरा, आयफोन ते आयफोन असेल तर एअरड्रॉप. यात ब्लूटूथ फक्त समोरचा मोबाईल शोधतं आणि ओळख करून देतं, ओझं वायफाय उचलतं, तेही थेट मोबाईल ते मोबाईल, त्यामुळे नेट पॅक संपला असला तरी चालतं. दोन्ही मोबाईलवर वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही चालू हवं, लोक नेट नाही म्हणून वायफाय बंद ठेवतात आणि मग गाडी परत ब्लूटूथवर येते. चहा होईपर्यंत व्हिडिओ गेलेला असेल.