लायब्ररीत या महिन्यात काय आहे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात लायब्ररीत होणाऱ्या कार्यक्रमांबद्दल काही शंका असेल तर कळवा असं म्हटलं होतं, त्यावर भरपूर पत्रं आली. त्यातले चार प्रश्न घेतेय, बाकीचे बरेचसे यांच्यातच येऊन जातात.

प्रश्न : ताई, आमच्या लायब्ररीच्या पुढच्या महिन्याच्या वेळापत्रकात दर शनिवारी ‘गोष्टीचा तास’ आहे, वय दोन ते पाच. माझी मुलगी अडीच वर्षांची आहे, एका जागी पाच मिनिटं बसत नाही. बाकीच्या मुलांना त्रास नको म्हणून अजून वर्षभर थांबू का?

अजिबात थांबू नका. या वयाची मुलं बसत नाहीतच आणि गोष्ट सांगणाऱ्या माणसाला ते पक्कं माहीत असतं, म्हणून तर चांगला गोष्टीचा तास नावाला तास असला तरी वीस-पंचवीस मिनिटांतच संपतो, आणि त्यातही एक गोष्ट, मग हातवारे करायचं एखादं गाणं, मग दुसरी छोटी गोष्ट असं चाललेलं असतं. तुमची मुलगी उठून फिरेल, मागच्या कपाटातली पुस्तकं ओढेल, खिडकीपाशी जाईल, पण तिचे कान तिकडेच असतात. घरी गेल्यावर दोन दिवसांनी ती अचानक त्या गोष्टीतल्या वाघाचा आवाज काढेल तेव्हा कळेल तुम्हाला.

पहिल्या दिवशी दाराजवळ किंवा कडेला बसा म्हणजे फारच रडारड झाली तर बाहेर जाऊन परत येता येतं. तिला सारखं ‘गप्प बस, बघ तिकडे’ करू नका, त्यानं तिचंही लक्ष जातं आणि तुमचंही. तुम्ही स्वतः मन लावून ऐका, मोबाईल पर्समध्ये ठेवून, मुलं आईबाबा कुठे बघतायत तेच बघतात.

आणि गोष्ट सांगणाऱ्या ताई किंवा दादा पुस्तक कसं धरतात ते बघाच. पुस्तक पूर्ण मुलांकडे तोंड करून, स्वतःच्या खांद्याच्या बाजूला, अंगठा खाली शिवणीपाशी म्हणजे चित्र झाकत नाही, आणि वाचायचं तिरक्या नजरेनं. पान उलटायच्या आधी क्षणभर थांबायचं आणि विचारायचं, ‘आता काय होणार?’ सगळी गंमत त्या थांबण्यात असते. घरी असंच करून बघा. निघताना तेच पुस्तक घरी न्यायला मागा. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकताना मुलं नवे शब्द जास्त चांगले पकडतात, त्यामुळे ‘परत तीच?’ म्हणून कंटाळू नका.

प्रश्न : मी आमच्या लायब्ररीच्या कार्यक्रम समितीत आहे. व्याख्यानांना माणसंच येत नाहीत, दहा-बारा डोकी असतात फार तर. समितीतले बाकीचे म्हणतात एखादा प्रसिद्ध चेहरा आणा, हॉल भरेल. मला पटत नाही पण दुसरं काय करावं तेही सुचत नाही.

तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. प्रसिद्ध माणूस आला की हॉल त्या दिवशी भरतो, फोटो छान येतात, आणि पुढच्या आठवड्यात लायब्ररी होती तशीच. आलेली माणसं त्या माणसासाठी आलेली असतात.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातले दोन तुमच्या समितीच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवावेत असं मला मनापासून वाटतं : प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. लायब्ररीतला कार्यक्रम ही गाठ घालून द्यायला असतो. मग व्याख्यान पक्ष्यांवर असेल तर पक्ष्यांवरची तुमच्याकडची सगळी पुस्तकं त्या दिवशी कपाटातून काढून दाराशी टेबलावर मांडा, मुलांचीसुद्धा, आणि देवघेवीचं काउंटर कार्यक्रम संपल्यावर अर्धा तास तरी चालू ठेवा. बऱ्याच ठिकाणी उलटं होतं, व्याख्यान संपतं तेव्हा काउंटरला कुलूप असतं आणि ऐकून उत्साहात आलेला माणूस हात हलवत घरी जातो. मला हे फार लागतं.

दुसरं म्हणजे वार आणि वेळ. कधी मंगळवार संध्याकाळ, कधी रविवार सकाळ असं असेल तर कुणाच्या लक्षात राहणार? महिन्यातला एक वार धरा, समजा दुसरा शनिवार, आणि वर्षभर तो हलवू नका, पाच माणसं आली तरी. सवय लागायला वेळ लागतो, तीन-चार महिन्यांत ‘चालत नाही’ म्हणून बंद केलेले कितीतरी चांगले उपक्रम मी बघितलेत. जाहिरात नोटीस बोर्डावर लावून भागत नाही, तिथे कुणी बघत नाही, पुस्तक इश्यू करताना त्यात एक चिठ्ठी सरकवा आणि तोंडानं सांगा, ‘तुम्ही हे वाचताय ना, मग शनिवारी या.’ काउंटरवरच्या माणसाचं असं एक वाक्य मोठ्या बॅनरपेक्षा जास्त माणसं आणतं.

आणि दहा-बारा माणसं कमी कुणी म्हटलं? व्याख्यानाला कमी असतील, पण गप्पांना अगदी बरोबर आहेत. स्टेज, माइक, रांगेतल्या खुर्च्या काढून टाका, गोल बसा. कोपनहेगनमध्ये २००० साली ‘मानवी ग्रंथालय’ सुरू झालं, त्यात पुस्तकाच्या जागी माणूस असतो, वाचक त्याच्यासमोर बसून त्याला प्रश्न विचारतो. नंतर ही कल्पना जगभर पसरली. तुमच्या सभासदांमध्येच नर्स असेल, रात्रपाळी करणारा असेल, ऐकू न येणाऱ्या मुलाची आई असेल. त्यांना विचारा तर खरं. फक्त त्यांना काय सांगायचंय आणि कशाबद्दल बोलायचं नाहीये हे आधी नीट बोलून घ्या, आणि कुणाला जबरदस्ती नको.

पुढच्या बैठकीत किती डोकी होती एवढंच मोजू नका. टेबलावरची किती पुस्तकं घरी गेली ते रजिस्टरमध्ये दिसेल, आधी कधीच न आलेली माणसं किती होती ते विचारून लिहून ठेवा, समितीला पटवायला हेच आकडे उपयोगी पडतील.

प्रश्न : पुढच्या आठवड्यात लायब्ररीत पुस्तकचर्चा आहे. जायची खूप इच्छा आहे पण पुस्तक अर्धंच झालंय, सभासदही नाहीये, आणि चारचौघांत बोलायला मला जमत नाही.

जा. शेवट कळलेला चालणार असेल तर अर्धं पुस्तक पुरतं, सुरुवातीलाच तसं सांगून टाका. नुसतं ऐकायला बसलं तरी कुणी काही म्हणत नाही, वाटलंच बोलावंसं तर एक आवडलेला परिच्छेद वाचून दाखवा, मत मांडण्यापेक्षा ते सोपं जातं. सभासदत्वाचं एक फोन करून विचारून घ्या, बहुतेक सार्वजनिक लायब्रऱ्यांत असे कार्यक्रम सगळ्यांना खुले असतात. नाव नोंदवलं आणि जमलं नाही तर तेवढं कळवा, जागा मोजक्या असतात, दुसऱ्या कुणाला मिळेल.

प्रश्न : बाबांना वाचनाचं वेड, पण आता नजर खूप अधू झालीय. लायब्ररीच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्यासाठी काहीच दिसत नाही. विचारणं बरं दिसेल का?

विचाराच, आणि शक्य असेल तर लेखी द्या. युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यातच म्हटलंय की ज्यांना नेहमीच्या सेवा वापरता येत नाहीत त्यांच्यासाठी खास सोय हवी, म्हणजे तुम्ही मेहेरबानी मागत नाही आहात. शिवाय माराकेश करार आहे, २०१३ चा. दृष्टिहीन किंवा छापील मजकूर वाचता न येणाऱ्या माणसांसाठी ब्रेल, ऑडिओ अशा प्रती हक्कधारकाची, म्हणजे पुस्तकाचा कॉपीराइट ज्याच्याकडे आहे त्याची, वेगळी परवानगी न घेता तयार करता याव्यात म्हणून तो झाला, आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. अशा प्रती मागवून देता येतील का ते ग्रंथपालांना विचारा.

पण त्याहून लवकर होण्यासारखं म्हणजे सामूहिक वाचनाचा तास. आठवड्यातून एकदा कुणीतरी मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. याला खर्च नाही, लागते एक शांत खोली, उजेडाची जागा आणि स्पष्ट वाचणारा माणूस, कॉलेजची मुलं आनंदानं येतात. वेळ दिवसाउजेडी ठेवायला सांगा, संध्याकाळी अधू नजरेच्या माणसाला जिन्याची पायरी दिसत नाही. आणि काय वाचायचं ते बाबांना ठरवू द्या.