बीपी १५०/९५ आलंय पण त्रास काहीच नाही, तरी गोळी सुरू करावी का?

तुम्ही लिहिलंय की वय ४३, ऑफिसच्या तपासणीत बीपी १५०/९५ निघालं, डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, आणि भीती एकच की गोळी एकदा सुरू झाली की जन्मभर मागे लागणार. नऊ वर्षांपूर्वी मी अगदी इथेच उभा होतो, आकडाही साधारण हाच. मी डॉक्टर नाही, पण तेव्हापासून जे शिकलो आणि घरात जे बघितलं ते सांगतो.

आधी एक गोष्ट, "त्रास नाही" यावर अजिबात विसंबू नका. वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं होतं की जगात ३० ते ७९ वयाच्या सुमारे १२८ कोटी लोकांना हाय बीपी आहे आणि त्यातल्या ४६ टक्के लोकांना ते माहीतच नाही. म्हणजे जवळजवळ निम्मे तुमच्यासारखेच, त्रास नाही म्हणून निवांत. आणि आत हृदय, किडनी, मेंदूच्या आणि डोळ्यांच्या बारीक रक्तवाहिन्या, सगळे तो जास्तीचा दाब वर्षानुवर्षं सोसत असतात.

पण म्हणून एका रीडिंगवर लगेच गोळीही नको. आधी नीट मोजा, कारण चुकीचं मोजलेलं बीपी फार कॉमन आहे. दंडाला पट्टा बांधायचं ऑटोमॅटिक मशीन घ्या, मनगटाचं नको, आणि पट्टा तुमच्या दंडाच्या मापाचा आहे ना ते बघा, लहान पट्टा लावला की आकडा उगाच जास्त येतो. मोजायच्या आधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट, व्यायाम काही नाही. लघवी करून या, मग पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं नुसतं शांत बसा. पायावर पाय टाकायचा नाही, हात टेबलावर म्हणजे पट्टा छातीच्या लेव्हलला येतो, बाही वर सरकवून करकचून ठेवू नका, हात मोकळाच हवा. आणि मोजताना बोलायचं नाही! मी पहिले दोन महिने बायकोशी गप्पा मारत मोजायचो आणि आकडा बघून घाबरायचो.

सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मधे एक मिनिट सोडून, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा. दवाखान्यात साधारणपणे १४०/९० च्या वर असेल तर हाय धरतात, घरच्या मोजणीत ही रेषा १३५/८५ ला असते. अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० पासूनच हाय म्हणतात, त्यामुळे इंटरनेटवर वेगवेगळे आकडे दिसले तर गोंधळू नका. काहींचं फक्त डॉक्टरसमोरच वाढतं आणि काहींचं बरोबर उलट, दवाखान्यात छान आणि घरी जास्त, हे दुसरे लोक जास्त सुटून जातात. मधेच १६०/१०० च्या पुढे आकडे दिसायला लागले तर आठवडा पूर्ण व्हायची वाट बघू नका, सरळ डॉक्टरांना दाखवा. आणि १८०/१२० च्या पुढे गेलं आणि सोबत छातीत दुखतंय, दम लागतोय किंवा नीट दिसत नाहीये असं असेल तर तडक इमर्जन्सीत.

या आठवड्यात आणखी एक बघा, तुम्ही दुसरं काय घेताय? आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलर, सर्दीत नाक मोकळं करायच्या काही गोळ्या, एवढंच काय रोज घेतलेलं ज्येष्ठमध, यानेही बीपी वाढतं. मोठ्याने घोरत असाल आणि दिवसभर झोप येत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, झोपेत श्वास अडकणं हे बीपीचं मोठं कारण असतं आणि ते कुणी आपणहून विचारत नाही.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत (म्हणजे सगळं धरून एक चमचा, पॅकबंद खाण्यातलं छुपं मीठसुद्धा), आठवड्याला १५० मिनिटं तरी झपझप चालणं, वजन, दारू, सिगारेट, हे तुम्हाला माहीत असणारच. माझं नऊ किलो वजन उतरल्यावर डॉक्टरांनीच दोनातली एक गोळी कमी केली. म्हणजे "जन्मभर" म्हणतात ते दरवेळी तसंच असतं असं नाही, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी.

हे इतकं जोर देऊन सांगतोय कारण माझ्या मोठ्या भावाने तीन महिन्यांत बीपी नॉर्मल आलं म्हणून आपल्या मनाने गोळी सोडली. बीपी गोळीमुळेच नॉर्मल होतं हे त्याच्या लक्षातच आलं नाही. दीड वर्षांनी एका सकाळी शर्टाचं बटण त्याला लागेना, हात अवघडला असेल म्हणून तो परत जाऊन झोपला आणि त्यात दोन तास गेले. स्ट्रोक होता. गुठळीमुळे झालेला असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि जितका उशीर तितका फायदा कमी. दादा वाचला, पण उजव्या हाताने अजून पेन धरता येत नाही. चेहरा एका बाजूला वाकडा, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी झोपायचं नाही, घरच्यांनाही हे आजच सांगून ठेवा.

गोळी सुरू झालीच आणि त्रास झाला, म्हणजे रामिप्रिल किंवा एनालाप्रिलने कोरडा खोकला, अॅमलोडिपिनने घोट्यांना सूज, तर बंद करू नका, बदलून मागा. पर्याय भरपूर आहेत. मला तिसरी सूट झाली.

आठवड्याचे आकडे वहीत लिहून घेऊन जा, सोबत तुमचं मशीनही न्या म्हणजे त्यांच्या मशीनशी ताडून बघता येईल. क्रिएटिनिन, पोटॅशियम, लघवीतलं प्रोटीन, शुगर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी, एवढं करायचं का ते विचारा. आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहा, मी ती पहिल्या वेळी विसरलो होतो आणि पेनकिलरचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.