प्रश्न तुमचे : हिस्टोनला डीएनएपर्यंत कोण नेतं?

प्रश्न : डीएनएवर ऋणभार, तर तो ज्यांच्याभोवती गुंडाळला जातो त्या हिस्टोन प्रथिनांवर धनभार. मग ही दोन्ही आपोआपच जुळायला हवीत. मध्ये शॅपरोन, म्हणजे हिस्टोनला सांभाळून नेणारी प्रथिनं, कशाला लागतात? (बारावी विज्ञान, सांगली)

उत्तर : जुळतात, पण वेड्यावाकड्या पद्धतीनं. पेशीत जेवढे क्षार असतात तेवढ्या, म्हणजे सुमारे ०.१५ मोलर मिठाच्या द्रावणात शुद्ध हिस्टोन आणि डीएनए एकत्र करून पाहा. काही क्षणांत पांढरट गाळ बसतो. आकर्षण कमी पडतं असं नाही, ते नको इतकं जास्त असतं. हिस्टोन दिसेल तिथे चिकटतो आणि मग सुटून योग्य जागी सरकायला त्याला वावच उरत नाही.

१९७८ मध्ये रॉन लास्की आणि सहकाऱ्यांनी झेनोपस बेडकाच्या अंड्यांतून एक आम्लधर्मी प्रथिन वेगळं केलं. ते मिसळल्यावर त्याच क्षारतेत गाळाऐवजी नीट न्यूक्लिओसोम, म्हणजे हिस्टोनांच्या गटाभोवती डीएनए गुंडाळलेले मणी, तयार झाले. हेच न्यूक्लिओप्लाझ्मिन. ते हिस्टोनचा धनभार तात्पुरता झाकतं, डीएनएशी योग्य जुळणी झाली की बाजूला होतं आणि अंतिम रचनेत राहत नाही. या कामाला एटीपी हे पेशीचं ऊर्जेचं इंधनही लागत नाही.

प्रश्न : भार झाकणं एवढंच काम असेल तर कोणतंही आम्लधर्मी प्रथिन चाललं पाहिजे, नाही का? (एमएस्सी जैवतंत्रज्ञान, पुणे)

उत्तर : परीक्षानळीत बऱ्याच अंशी चालतं. नुसत्या पॉलिग्लुटामिक आम्लानंही न्यूक्लिओसोम बनतात, हे १९७९ मध्येच दाखवलं गेलं. पण पेशीला हिस्टोन कुठे, केव्हा आणि कोणत्या प्रकारचा बसवायचा हेही ठरवावं लागतं, आणि तिथे नुसता भार पुरत नाही.

क्रम असा. एच३ आणि एच४ या हिस्टोनांची जोडी तयार झाली की एएसएफ-१ हे शॅपरोन तिला धरतं, तेही नेमकं त्या पृष्ठभागावर जिथे एक एच३ दुसऱ्या एच३ला जुळतो. त्यामुळे दोन जोड्या वेळेआधी एकत्र येऊन चौकडी होऊ शकत नाही. मग जोडी कॅफ-१ या तीन उपघटकांच्या शॅपरोनकडे जाते. द्विगुणन चालू असलेल्या जागी डीएनएभोवती पीसीएनए हे कड्यासारखं प्रथिन असतं. कॅफ-१ त्याला बांधलं जातं, म्हणून नवे हिस्टोन नव्या धाग्याजवळच पोचतात. प्रत्येक कॅफ-१कडे एकच जोडी असते. दोन कॅफ-१ एकत्र आली की डीएनएवर एच३-एच४ची चौकडी बसते. त्यानंतर तिच्या दोन्ही बाजूंना एच२ए-एच२बीच्या जोड्या लागतात. त्या एनएपी-१, फॅक्ट यांसारखे शॅपरोन आणतात. शेवटी आठ हिस्टोनांभोवती १४७ बेसजोड्यांचा डीएनए पावणेदोनपेक्षा किंचित कमी वेढे घेतो.

हिस्टोनचे प्रकार ओळखण्यातली बारकाई तर थक्क करते. एच३.१ आणि एच३.३ यांच्यात १३५पैकी फक्त ५ अमिनो आम्लांचा फरक. पैकी ९०व्या जागी एच३.३मध्ये ग्लायसीन, तर एच३.१मध्ये मेथिओनीन. डॅक्स हा शॅपरोन मुख्यतः याच ग्लायसीनवरून एच३.३ निवडतो आणि एटीआरएक्स या प्रथिनाच्या साथीनं टेलोमिअर (गुणसूत्राची टोकं) यांसारख्या भागांत बसवतो. सेंट्रोमिअरचा (पेशीविभाजनात गुणसूत्र ओढण्यासाठी पकडलं जातं त्या जागेचा) खास हिस्टोन सेन्प-ए बसवणारा एचजेयूआरपी आणखी वेगळा.

प्रश्न : म्हणजे शॅपरोन जितके जास्त, तितका डीएनए घट्ट गुंडाळला जाणार? (शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : नाही. एनएपी-१ डीएनएला चुकीचे चिकटलेले एच२ए-एच२बी उलट काढून टाकतं. जनुक वाचताना फॅक्ट न्यूक्लिओसोम थोडा सैल करतं आणि आरएनए पॉलिमरेज पुढे गेल्यावर तो पुन्हा जुळवायला मदत करतं. यीस्टमध्ये फॅक्टचा एक घटक बिघडला की जनुकाच्या मधूनच वाचन सुरू होतं, कारण झाकलेल्या जागा उघड्या पडतात.

प्रश्न : प्रकल्पात एनएपी-१ वापरून प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या छोट्या वर्तुळाकार डीएनएवर, न्यूक्लिओसोम बसवतो. कधी गाळ येतो, तर कधी जेलवर काहीच फरक दिसत नाही. (संशोधक विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : आधी प्रमाण तपासा. आठ हिस्टोनांचा गट सुमारे १०८ किलोडाल्टन, २०० बेसजोड्यांचा डीएनए सुमारे १३० किलोडाल्टन. दर २०० जोड्यांमागे एक न्यूक्लिओसोम हवा असेल तर हिस्टोन आणि डीएनए यांचं वजनी प्रमाण ०.८ ते ०.८५ येतं. ०.६, ०.८, १.० अशा नळ्या लावा. गाळ फक्त जास्त प्रमाणाच्या नळीत आला तर दोष प्रमाणाचा. सगळ्याच नळ्यांत आला तर बहुधा मिसळण्याचा क्रम चुकतो आहे: हिस्टोन आणि एनएपी-१ आधी एकत्र ठेवा, डीएनए शेवटी घाला. हिस्टोनचं मोजमापही फसवतं. गाभ्याच्या हिस्टोनांत ट्रिप्टोफॅन नसल्यामुळे २८० नॅनोमीटरला शोषण कमी मिळतं आणि थोडा डीएनए मिसळलेला असला तरी आकडा फुगतो. म्हणून प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या एसडीएस जेलवर माहीत असलेल्या प्रमाणाशी ताडून पाहावं.

फरक दिसत नसेल तर पहिला संशय टोपोआयसोमरेज-१ या डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या विकरावर. प्रत्येक न्यूक्लिओसोममागे एक ऋण अतिपीळ (डीएनएच्या वर्तुळाला पडणारा जादा पीळ, जो जेलवर दिसतो) मिळतो, पण उरलेल्या डीएनएतला भरपाईचा पीळ या विकरानं सोडवला तरच तो टिकतो. विकर निकामी असेल, तर न्यूक्लिओसोम बसूनही प्रथिनं काढल्यावर प्लाझ्मिड मूळ स्थितीतच दिसतो. प्रथिनं एसडीएस आणि प्रोटिनेज-के या प्रथिनं तोडणाऱ्या विकरानं पूर्ण काढा. जेलमध्ये इथिडियम हा डीएनए दाखवणारा रंग घालू नका, त्यानं पीळच बदलतो. रंग नंतर द्या.

आणि अतिपीळ मिळाला म्हणून थांबू नका. एकट्या एच३-एच४च्या चौकडीनंही तो मिळतो. कॅल्शियम घालून मायक्रोकॉकल न्यूक्लिएज या उघडा डीएनए कापणाऱ्या विकरानं मर्यादित पचन करा, ठरावीक वेळांना नमुने काढून कॅल्शियम पकडून ठेवणाऱ्या ईडीटीएनं थांबवा. पचन वाढत जाताना १४७ बेसजोड्यांजवळ ठळक पट्टी टिकून राहिली, तर आठही हिस्टोन बसले असं म्हणता येईल. तिच्या जागी त्याहून बरेच छोटे तुकडे साचले तर एच२ए-एच२बी कमी पडताहेत.