सातारा–महाबळेश्वर रोजचं जाणं-येणं आहे. पावसाळ्यात गाडीचा फ्लोअर चिखल-पाण्यापासून कसा वाचवू?

तुमच्या मॉडेलच्या मापाच्या, उंच कडांच्या रबरी किंवा टीपीई (रबरासारखं लवचिक प्लास्टिक) मॅट्स टाका आणि कापडी मॅट्स पावसाळाभर घरीच ठेवा. कार्पेटखालचा फोम एकदा भिजला की घाटावरच्या दमट हवेत लवकर वाळत नाही. मग कुबट वास सुटतो, पत्रा गंजतो, सीटखालचे वायरिंगचे कनेक्टर खराब होतात. म्हणून तांबडा चिखल साचलेली मॅट रोज आडवी धरूनच बाहेर काढा, नाहीतर सगळं पाणी कार्पेटवर सांडतं. ड्रायव्हरकडे मॅटवर मॅट अजिबात नको, सरकून पेडलमध्ये अडकते. मॅट जागेवर धरणारे खालचे हुक लावाच. मात्र पुढची डावी बाजूच ओली होत असेल तर बहुधा एसीची ड्रेन नळी तुंबलेली असते, ती आधी साफ करून घ्या.